सबवूफर किती इंची, किती नग? आधी दोन्ही ‘खोल्या’ मोजा

माझा पहिला सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर, १५ इंची होता आणि तो ज्या खोलीत ठेवला ती जेमतेम साडेतीन मीटर लांब. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. त्यावर बसून कुठलंही गाणं लावा, बेसचा एकच सूर घुमायचा आणि बाकीचे त्याच्यामागे लपायचे. पाणी आणायला उठून खोलीच्या मध्यावर आलं की तोच सूर साफ गायब. सहा-सात महिने मी त्या सबला दोष देत राहिलो. अ‍ॅम्प बदलला, वायर बदलली, काही फरक नाही. शेवटी तो काढून १० इंचीची जोडी आणली. एक समोरच्या भिंतीच्या मध्यावर ठेवला, दुसरा मागच्या. कोनचं, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याचं, एकूण क्षेत्रफळ आधीपेक्षा थोडं कमीच झालं होतं, तरी बेसगिटारचा एकेक सूर सुटा ऐकू आला तो तेव्हा पहिल्यांदा.

नवीन माणूस हमखास विचारतो, “१२ इंची घेऊ की १५?” किती नग घ्यायचे हे सहसा कुणी विचारत नाही. इंचांवर ठरतं की हवा किती हलणार, आणि नगांवर ठरतं की तो खर्ज खोलीत सगळीकडे सारखा पोचणार की नाही. नगांनी हवाही वाढते, पण इंच वाढवून सारखेपणा येत नाही. हा लेख मुख्यतः घरच्या सिस्टीमसाठी आहे. स्टेज आणि गाडीबद्दल शेवटच्या पायरीआधी थोडं लिहिलं आहे.

मराठीत ‘खोली’चे दोन अर्थ, आणि सब निवडताना दोन्ही लागतात. आवाजाची खोली आणि आपण बसतो ती खोली. पहिलीपासून सुरुवात करू.

पायरी १: किती खालचे सूर हवेत?

माणसाच्या कानाची खालची मर्यादा साधारण २० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २० कंपनं, मानतात. पण सगळं संगीत तिथवर जात नाही. चार तारांच्या बेसगिटारचा सर्वांत खालचा सूर ४१ हर्ट्झचा, पाच तारांच्या गिटारचा ३१ चा, पियानोची डावीकडची शेवटची पट्टी २७.५ हर्ट्झची. किक ड्रमचा छातीत बसणारा दणका बहुतेक वेळा ५० ते ८० च्या दरम्यान असतो. तेव्हा शास्त्रीय, भावगीत, जुनी गाणी, जॅझ, रॉक असं ऐकणाऱ्याला ३५ हर्ट्झपर्यंत नीट पोचणारा सब भरपूर झाला. इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकणाऱ्याने ३० धरावं. सिनेमातले स्फोट आणि भूकंप मात्र २० च्या आसपास आणि त्याखालीही उतरतात.

दुसरा भाग म्हणजे किती मोठ्याने. सिनेमाच्या ध्वनीसाठी एक मोजमाप ठरलेलं आहे: बसायच्या जागी मुख्य स्पीकरचा शिखर-आवाज १०५ डेसिबल आणि ५.१ मधल्या ‘.१’ चॅनेलचा, म्हणजे खास खर्जाच्या चॅनेलचा, ११५ डेसिबल. घरात इतक्या मोठ्याने फार कमी लोक ऐकतात. मी स्वतः त्यापेक्षा १५ डेसिबल खाली ऐकतो आणि तेवढ्यातही शेजारच्या खोलीतून हाक येते. तुमची पातळी प्रामाणिकपणे ठरवा, कारण पुढचा सगळा हिशोब तिच्यावर उभा आहे.

खर्जाला एवढे डेसिबल का लागतात, तर आपला कानच खाली मंद आहे. १००० हर्ट्झचा सूर २-३ डेसिबललाही जेमतेम कळतो. २० हर्ट्झचा सूर ऐकू यायलाच ७८ च्या आसपास डेसिबल लागतात. त्या उंबरठ्याच्या खाली जे वाजतं ते आपल्यासाठी वाजलेलंच नसतं.

पायरी २: टेप घ्या आणि खोली मोजा

लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये मोजा आणि तिन्हींचा गुणाकार करा. पुढच्या खोलीशी मोठी उघडी कमान असेल किंवा दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांच्यात भिंतच नसेल, तर पलीकडची जागाही धरा. खर्जाला पडदा किंवा अर्धी भिंत दिसत नाही, तो सगळ्या जागेत पसरतो. इथे बहुतेक जण चुकतात. सोफ्यापासून टीव्हीपर्यंतचं अंतर मोजतात आणि त्यालाच खोली समजतात.

आता दुसरं गणित. ३४३ ला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागा. ३४३ म्हणजे आवाजाचा वेग, मीटर प्रतिसेकंदात. खोली ५ मीटर लांब असेल तर ३४३ भागिले १०, म्हणजे ३४ हर्ट्झ. रुंदी ४ मीटर असेल तर ४३, उंची ३ मीटर असेल तर ५७. या आकड्यांना खोली स्वतःच झंकारते. घागरीत तोंड घालून हुंकार भरला की एका ठरावीक सुराला घागर बोलू लागते, तसंच. त्या त्या सुराचा दाब समोरासमोरच्या भिंतींजवळ सर्वांत जास्त असतो आणि बरोबर मधोमध जवळजवळ शून्य.

माझ्या साडेतीन मीटरच्या खोलीचा आकडा ४९ येतो. सोफा भिंतीला, म्हणून ४९ हर्ट्झ डोक्यावर बसलेला. उठून मध्यावर आलो की नाहीसा. सब कितीही महाग आणला असता तरी हेच घडलं असतं.

हे तीन आकडे एका कागदावर लिहून ठेवा, नग ठरवताना पुन्हा लागतील.

पायरी ३: इंचांचा हिशोब

इंच म्हणजे ड्रायव्हरचा, पेटीत बसवलेल्या गोल स्पीकरचा व्यास, आणि काम करतं ते क्षेत्रफळ. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. दुकानात उभ्याउभ्या करायचा सोपा हिशोब असा: इंचांचा वर्ग करा आणि तुलना करा. ८ इंचीचे ६४. १० इंचीचे १००. १२ चे १४४, १५ चे २२५, १८ चे ३२४. ही फक्त गुणोत्तरं आहेत, पण निर्णयाला पुरतात. दोन १० इंची (२००) एका १२ इंचीला (१४४) सहज मागे टाकतात. दोन १२ इंची (२८८) एका १५ इंचीच्या पुढे जातात. चार ८ इंची (२५६) म्हणजे साधारण एक १५ इंची.

क्षेत्रफळ अर्धी गोष्ट झाली. कोन पुढे-मागे किती सरकतो ही उरलेली अर्धी. माहितीपत्रकात ‘एक्समॅक्स’ नावाचा आकडा मिलिमीटरमध्ये असतो. कोन मधल्या जागेपासून एका बाजूला एवढा सरकेपर्यंत आवाज शाबूत राहतो. हा आकडा छापलेलाच नसेल तर मी तो ड्रायव्हर घेत नाही.

एक उदाहरण पुरतं सोडवून बघू. १२ इंची ड्रायव्हरच्या कोनचं क्षेत्रफळ साधारण ५०० चौरस सेंटिमीटर. एक्समॅक्स १५ मिलिमीटर, म्हणजे दीड सेंटिमीटर. गुणाकार ७५० घन सेंटिमीटर. पाऊण लिटर हवा. बंद पेटीतला हा सब मोकळ्या मैदानात जमिनीवर ठेवला आणि अ‍ॅम्पने कोन शेवटपर्यंत हलवला, तर १ मीटरवर ४० हर्ट्झला साधारण ११० डेसिबल मिळतात. २० हर्ट्झला? तेवढीच पाऊण लिटर हवा, पण फक्त ९८. एक सप्तक खाली उतरलो की १२ डेसिबल गेले. तेच परत हवे असतील तर हवा चौपट हलवावी लागेल.

आता ८ इंचीचं बघा. २१५ चौरस सेंटिमीटर, एक्समॅक्स १० मिलिमीटर धरू. ४० हर्ट्झला ९९ डेसिबल, संगीतासाठी उत्तम. २० हर्ट्झला ८७. आकडा मोठा वाटतो, पण कानाचा उंबरठाच ७८ चा आहे. मैदानात ३ मीटरपर्यंत मागे सरकलात की आणखी साडेनऊ डेसिबल गेले आणि तो सूर उंबरठ्यावर येऊन थांबला. घरात भिंतींमुळे परिस्थिती बरी असते, तरी छोट्या सबच्या खोक्यावर ‘२० हर्ट्झ’ छापलेलं पाहून हुरळू नका. किती डेसिबलला २० हर्ट्झ, हे तिथे लिहिलेलं नसतं.

घरी हे तपासता येतं. २५ हर्ट्झचा शुद्ध सूर आधी अगदी हळू लावा आणि बेताने वाढवत न्या. चांगला सब नुसता दाब निर्माण करतो, कानात भरल्यासारखं वाटतं, सूर असा ऐकू येत नाही. जो सब थकतो तो गुरगुरायला लागतो. ती गुरगुर म्हणजे ५० आणि ७५ हर्ट्झची भेसळ. अनेकांना ती ऐकून ‘काय बेस आहे!’ असं वाटतं. फार वेळ वाजवू नका, कोन हलवणारी तारेची कॉइल तापते.

जाता जाता एक गैरसमज. मोठा कोन ‘संथ’ असतो आणि छोटा ‘चपळ’, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. ८० हर्ट्झच्या खाली काम करणाऱ्या ड्रायव्हरला चपळाईची गरजच फारशी नसते. बेस लडबडीत वाटतो तो बहुतेक वेळा खोलीच्या झंकारामुळे, नाहीतर चुकीच्या पेटीमुळे. उलट मोठ्या कोनला तेवढ्याच आवाजासाठी कमी सरकावं लागतं, म्हणून तो स्वच्छ वाजतो.

पायरी ४: पेटी

एक जुना व्यवहार आहे, हॉफमन यांचा लोखंडी नियम म्हणून ओळखला जातो: खालचे सूर, छोटी पेटी आणि कमी वॅटमध्ये जास्त आवाज, या तिघांपैकी कुठलेही दोन मिळतील. तिसऱ्यावर पाणी सोडावं लागतं. छोट्याशा ठोकळ्यातून खोल बेस काढणारे सब असतात, पण त्यांच्या पोटात मोठा अ‍ॅम्प असतो आणि आवाजाला लवकर मर्यादा येते.

बंद पेटीचा, म्हणजे सील्ड सबचा आवाज एका मर्यादेखाली हळूहळू उतरतो, सप्तकामागे १२ डेसिबलने. पोर्टेड सब, म्हणजे ज्याच्या पेटीला उघडी नळी (पोर्ट) असते तो, त्याच्या ट्यूनिंगच्या, म्हणजे ज्या सुराला ती नळी जुळवलेली असते त्याच्या, आसपास त्याच ड्रायव्हरमधून बराच जास्त आवाज देतो, कारण तिथे पोर्टमधली हवाच मुख्य काम करते. पण ट्यूनिंगच्या खाली तो सप्तकामागे २४ डेसिबलने कोसळतो आणि कोनला पेटीतल्या हवेचा आधार उरत नाही.

माझं मत असं: खोली छोटी असेल आणि संगीत जास्त ऐकत असाल तर सील्ड. छोटी बंद खोली अगदी खालच्या सुरांना स्वतःहून उचलून धरते आणि सील्डचा हळुवार उतार त्याच्याशी छान जुळतो. खोली मोठी, सिनेमे भरपूर आणि जागा हाताशी असेल तर पोर्टेड. दोन सब घेणार असाल तर एक सील्ड आणि एक पोर्टेड अशी जोडी जमवू नका. ट्यूनिंगच्या आसपास दोघांची फेज (तरंगाची वेळ) वेगळी वळते आणि ते एकमेकांचा आवाज खातात.

पायरी ५: नग किती

कागदावरचे ते तीन आकडे आता काढा.

एकच सब आहे असं धरू, आणि तो समोरच्या भिंतीशी ठेवला आहे. तो लांबीच्या सुराला जोरात चेतवतो. भिंतीजवळ बसलेल्याला बेस अती होतो, मध्यावर बसलेल्याला मिळतच नाही. आता तसाच दुसरा सब मागच्या भिंतीशी ठेवा आणि दोघांना एकच सिग्नल द्या. लांबीच्या या पहिल्या सुरात समोरच्या भिंतीवर दाब वाढत असतो तेव्हा मागच्या भिंतीवर तो कमी होत असतो. दोन्ही सब मात्र एकाच वेळी ढकलतात. पाळण्याला दोघांनी समोरासमोरून एकाच क्षणी ढकललं तर पाळणा हलत नाही, तसा तो सूर चेतवलाच जात नाही. शिवाय दोन्ही सब रुंदीच्या बरोबर मध्यावर असतील तर रुंदीचा पहिला सूरही शांत राहतो, कारण मध्य हाच त्याचा शून्याचा बिंदू. दोन नगांत दोन दुखणी गेली. हे काम २१ इंचीचा एकटा सबसुद्धा करू शकत नाही.

हरमन कंपनीतले टॉड वेल्टी यांनी २००२ साली नेमका हाच प्रश्न तपासला होता, किती सब म्हणजे पुरेसे. आयताकृती खोलीत त्यांना चारही भिंतींच्या मध्यावर चार, किंवा चारही कोपऱ्यांत चार, अशा मांडण्या चांगल्या आढळल्या. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन, ही मांडणी त्यांच्या बरीच जवळ पोचते. चाराच्या पुढे नग वाढवून हाती फारसं लागत नाही. एल आकाराच्या किंवा एका बाजूने उघड्या खोलीत हे गणित इतकं नेटकं बसत नाही, तरी एकापेक्षा दोन बरे हे तिथेही खरं ठरतं.

मग एक सब कधी पुरतो? एकटे ऐकत असाल आणि नेहमी त्याच खुर्चीत बसत असाल, तर. एका जागेसाठी एका सबची जागा शोधता येते आणि उरलेला उंचवटा, म्हणजे जो सूर जास्त घुमतो तो, इक्वलायझरने कापता येतो. उंचवटा कापता येतो, खड्डा भरता येत नाही, हे लक्षात ठेवा. एखादा सूर तुमच्या जागी रद्दच होत असेल, तर तिथे १० डेसिबल वाढवणं म्हणजे अ‍ॅम्पकडे दहापट ताकद मागणं, आणि तीही रद्द होण्यातच जाते.

घरची चार माणसं एका रांगेत बसत असतील, तर मी दोनच सांगेन. तेवढ्याच खर्चात एक मोठा की दोन मध्यम, असा प्रश्न पडला तर दोन मध्यम. अपवाद एकच: सिनेमासाठी २० हर्ट्झपर्यंत उतरायचं आहे आणि मध्यम सब ३० लाच थांबतात. मग आधी एक खोलवर जाणारा घ्या आणि त्याचा जुळा भाऊ सवडीने आणा. दोन सब ३० ला थांबणारे असतील तर जोडीसुद्धा ३० लाच थांबते. म्हणून पहिला सब घेतानाच ते मॉडेल पुढेही मिळत राहील का, ते पाहा.

खोलीच्या आकारमानाप्रमाणे मी सुरुवात कुठून करतो ते सांगतो. हा नियम नाही, अनुभवाचा अंदाज आहे. ३० घनमीटरपर्यंत एक १० इंची किंवा दोन ८ इंची सील्ड. ३० ते ६० मध्ये एक चांगला १२ इंची, शक्यतो दोन १० इंची. ६० ते १०० मध्ये दोन १२ इंची. त्यापुढे दोन १५ इंची, नाहीतर चार १२ इंची. हे सिनेमा आणि संगीत दोन्ही धरून आहे. फक्त संगीत असेल तर एक आकार खाली आलात तरी चालेल.

पायरी ६: वॅट आणि ओहम

वॅट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात, बस्स. ३०० चा अ‍ॅम्प काढून ६०० चा बसवला तर फरक कळतो, पण थक्क व्हावं इतका नाही. त्याऐवजी तसाच दुसरा सब, त्याच्या स्वतःच्या अ‍ॅम्पसह, पहिल्याला खेटून ठेवला तर ६ डेसिबल मिळतात: तीन जास्तीच्या वॅटचे, तीन जास्तीच्या कोनचे. समोरासमोरच्या भिंतींवर ठेवले तर सूर पाहून यापेक्षा कमी मिळतं, पण तिथे आपण मोठेपणा नाही, समतोल मागत असतो.

आकडे वाचताना फक्त आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद, वाचा. ‘पीक’ आणि ‘पीएमपीओ’ खोक्यावर शोभेला असतात.

वेगळा अ‍ॅम्प लागणारे पॅसिव्ह सब घेत असाल तर नग ठरवताना ओहमचं, म्हणजे सबच्या विद्युतरोधाचं, गणित करावंच लागतं. ८ ओहमचे दोन समांतर जोडले की ४ ओहम. ४ चे दोन समांतर की २, आणि अनेक अ‍ॅम्प २ ओहमला धापा टाकतात किंवा बंद पडतात. ४ ओहमचे चार असतील तर दोन-दोनच्या मालिका करून त्या समांतर जोडा, पुन्हा ४ ओहम मिळतात. तीन नग हा जोडणीत अडचणीचा आकडा आहे. एका अ‍ॅम्पवर तीन सब सारख्या ताकदीने चालवणं क्वचितच सोयीचं पडतं.

स्टेजसाठी

इथे खोलीचा आधार नसतो, विशेषतः उघड्यावर. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात आणि भिंती त्यातलं काही परत देत नाहीत. म्हणून बंद सभागृहात दोन १८ इंचींनी भागलेला कार्यक्रम मैदानात चार मागतो, कधी आठ.

नुसतं भाषण असेल तर सब नकोच. माणसाचा बोलण्याचा आवाज ८० हर्ट्झच्या खाली जवळजवळ नसतो. तिथे सब लावला की माइकची हाताळणी, वारा आणि धपधप तेवढी मोठी होते. गायक आणि एक-दोन वाद्यं असतील तर एक १५ इंची बऱ्याचदा पुरतो. ड्रम आणि बेसगिटारसह बँड असेल तर १८ इंची दोन. नाचायचं संगीत असेल तर तेवढ्याच लोकांसाठी बँडच्या दुप्पट नग धरा.

डावीकडे एक आणि उजवीकडे एक ठेवायची पद्धत सगळीकडे दिसते आणि तीच बहुतेक घोटाळ्याचं मूळ असते. मध्यरेषेवर दोघांचा आवाज एकदम पोचतो, तिथे प्रचंड बेस. थोडं बाजूला सरकलात आणि दोन सबपासूनच्या अंतरात अर्ध्या तरंगलांबीचा फरक पडला, ६० हर्ट्झला साधारण २.९ मीटरचा, की तो सूर रद्द. मैदानात बेसचे पट्टे उमटतात. शक्य असेल तेव्हा सगळे सब स्टेजसमोर मध्यभागी एकत्र लावा. बॉक्सच्या मध्यांमधलं अंतर, जो सर्वांत वरचा सूर सबकडे जातो त्याच्या अर्ध्या तरंगलांबीपेक्षा कमी ठेवा. क्रॉसओव्हर, म्हणजे सब आणि मुख्य स्पीकर यांच्यातली सुरांची सीमा, १०० हर्ट्झला असेल तर १.७ मीटरच्या आत.

तीन किंवा जास्त नग असतील तर आणखी एक सोय मिळते. दोन पुढे तोंड करून, एक मागे तोंड करून, आणि त्या मागच्याला योग्य डिले (थोडा उशीर) आणि उलटी पोलॅरिटी (बाकीचे कोन बाहेर येतात तेव्हा याचा आत जातो) दिली की स्टेजवर आणि मागच्या वस्तीकडे जाणारा बेस बराच कमी होतो. याला कार्डिऑइड मांडणी म्हणतात. आकडे बॉक्सच्या निर्मात्याने दिलेलेच वापरा, अंदाजाने केलं तर पुढचाच बेस जातो.

गाडीसाठी

गाडीचा अंतर्भाग इतका छोटा असतो की साधारण ६०-७० हर्ट्झच्या खाली तो एखाद्या बंद डबीसारखा वागतो आणि दाब वाढत जातो. म्हणून घरात सामान्य वाटणारा १० इंची सील्ड डिकीत धमाल उडवतो. छोट्या गाडीत एक १० किंवा १२ इंची सील्ड, यापुढे ऐकण्यासाठी तरी काही लागत नाही. इथे दुसरा नग समतोलासाठी नसतो, फक्त जोरासाठी असतो. डिकी प्रवाशांच्या जागेपासून पूर्ण बंद असेल, तर बेस आत येण्यासाठी वाट ठेवावी लागते, नाहीतर नंबरप्लेटच तेवढी वाजते.

पायरी ७: आणल्यावर पहिल्या दिवशी

सब एकच असेल तर रांगण्याची युक्ती करा. सब उचलून तुमच्या खुर्चीत, शक्य तितका कानाच्या उंचीला ठेवा. चढत-उतरत जाणारी बेसगिटार असलेलं गाणं लावा आणि भिंतीकडेने गुडघ्यांवर रांगत फिरा. घरचे हसतील, हसू द्या. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतात तिथे खूण करा आणि सब तिथे ठेवा. आवाज ज्या वाटेने जातो त्याच वाटेने उलटाही येतो, म्हणून हे जमतं. कोपऱ्यात सर्वांत जास्त आवाज मिळतो, पण तिथे खोलीचे सगळे सूर एकदम चेततात. एकट्या सबसाठी कोपरा हा माझा शेवटचा पर्याय.

क्रॉसओव्हर ८० हर्ट्झपासून सुरू करा. त्याखालचा आवाज कुठून येतोय हे कानाला नीट सांगता येत नाही, त्यामुळे सब सोफ्यामागे असला तरी खटकत नाही. रिसीव्हरमध्ये मुख्य स्पीकर ‘स्मॉल’ ठेवा, ते कितीही मोठे असले तरी. त्या शब्दाचा अर्थ एवढाच की खालचे सूर सबकडे पाठवा. सबच्या पाठीमागचा क्रॉसओव्हरचा खटका अशा वेळी पूर्ण वर फिरवून ठेवा, नाहीतर एकाच सुराला दोन गाळण्या लागतात.

फेजचा खटका दोघांनी मिळून लावायचा. ८० हर्ट्झचा सूर मुख्य स्पीकर आणि सब दोन्हींतून वाजवा, एकाने खुर्चीत बसावं, दुसऱ्याने खटका ० पासून १८० पर्यंत हळूहळू फिरवावा. जिथे सर्वांत मोठ्याने ऐकू येईल तिथे थांबा. दोन सब असतील तर दोघांची पातळी आधी वेगवेगळी मोजून सारखी करा. एक खुर्चीच्या जवळ आणि एक लांब असेल तर जवळच्याला डिले द्या: ३४ सेंटिमीटरला १ मिलिसेकंद.

मोजायचा माइक आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर मिळालं तर यातलं निम्मं अंदाजकाम संपतं. पण माइक नसला तरी एक काम आजच करा. २० ते १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर लावून घरभर फिरा आणि जे काही थरथरतं त्याच्यावर हात ठेवत जा. कपाटाची काच, भिंतीवरची फ्रेम, दाराची कडी. सबचा दोष म्हणून आपण ज्याला शिव्या घालतो ते कितीदा तरी फर्निचर असतं. माझ्याकडे ५२ हर्ट्झला सरकत्या खिडकीची काच बोलायची. फटीत जाड कागदाची घडी खोचली. ती अजून तिथेच आहे.